कोळपे सरांच्या लाल काचा

नामदेव कोळपे सर दिवा लावायच्या आधी अंधार मोजत. बारामतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र विभागाच्या मागच्या खोलीत त्यांची काचेची पेटी होती. पेटीत कॉस्टिक सोडा घातलेलं पाणी, पाण्यात उभी केलेली एक लाल काच आणि तिच्यासमोर प्लॅटिनमची तार. काचेला विजेचा थोडा टेकू द्यायचा आणि तिच्यावर उजेड पाडायचा. मग पाणी फुटे. तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे येत, काचेवर ऑक्सिजनचे. किती पाणी फुटलं ते करंटवरून कळे. सर मात्र आधी पेटीवर काळं घोंगडं टाकत आणि त्या अंधारात जो काही करंट वाहील तो वहीत लिहीत. तो जवळजवळ शून्य असे. तरी लिहीत.

"आधी अंधार लिहा," ते मुलांना सांगत. "अंधारात जे वाहतं ते उन्हाच्या नावावर घालायचं नाही."

घोंगडं त्यांच्या वडिलांचं होतं. वडील इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीचे. मेंढरं राखायचे. सरांच्या पिढीत कळप मोडला, भावांनी ऊस लावला आणि वाटणीत कुणालाच नको असलेलं घोंगडं सरांनी मागून घेतलं. वडील संध्याकाळी जाळीच्या तोंडाशी बसून मेंढरं जोडीजोडीनं आत सोडत आणि बोटांवर मोजत. सर म्हणत, "आमचा बाप शाळेत गेला न्हवता. पण त्यानं आयुष्यात एक मेंढरू जास्त सांगितलं नाही."

काचेवरचा लाल थर म्हणजे गंज. लोखंडाचं द्रावण तापलेल्या काचेवर फवारायचं, काच भट्टीत ठेवायची, की विटेच्या रंगाचा थर चढतो. गंज स्वस्त असतो, उजेड चांगला पितो आणि पाण्यात विरघळत नाही. त्याचं दुखणं एकच. उन्हानं थराच्या आत जी वीज सुटते ती पाण्यापर्यंत पोचायच्या आधीच विरून जाते. ही वाटेतली गळती कमी करायची, एवढंच सर वीस वर्षं करत होते. थर पातळ कर, भट्टी वाढव, लोखंडात किंचित कथिल मिसळ. एका वेळी एकच बदल. प्रत्येक काचेला नंबर, प्रत्येक नंबराला वहीत एक पान. करंटचा आकडा मुंगीच्या पावलानं वाढत होता.

स्टाफरूममध्ये त्यांना "गंजवाले सर" म्हणत. त्यांना ते माहीत होतं. एकदा पुण्याहून कुणी अधिकारी विभाग बघायला आले. बुडबुडे बघून त्यांनी विचारलं, "याच्यावर गाडी चालेल का?"

"चालेल की," सर म्हणाले. "मुंगीची."

प्राचार्य हसले नाहीत. अधिकारी हसले, आणि पैसे न देता गेले.

मी सरांचा बी.एस्सी.चा विद्यार्थी. एका प्रॅक्टिकलला माझे सगळे बिंदू एका सरळ रेषेवर आले होते. सरांनी जर्नल परत दिलं, वर पेन्सिलीनं लिहिलं होतं : रेघ सुंदर आहे, प्रयोग कधी केला? मी तो प्रयोग पुन्हा केला, पुढे वर्तमानपत्रात गेलो आणि तालुक्याच्या बातम्या देऊ लागलो. सरांकडे महिन्यातून एकदा जाणं होई. बातमी नसे. कमलमावशी चहा करत, म्हणून.

कमलमावशी म्हणजे विभागाच्या शिपाई. लोणी भापकरच्या. खोली झाडणं, बाटल्या धुणं, चार वाजता चहा, ही त्यांची कामं. चहाची साखर त्या स्वतःच्या कपाटात कुलपात ठेवत, कारण प्राध्यापकांवर त्यांचा विश्वास नव्हता.

"सर मोजून घेत्यात," त्या मला सांगत. "बाकीचे वतून घेत्यात."

सरांच्या हाताखाली पीएच.डी. करणारी एकच विद्यार्थिनी होती. अर्चना. पणदऱ्याची. घरी ऊस आणि चार गाई. वडील एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत कामाला. त्यांना सगळे तात्या म्हणत. अर्चना काचेचा रंग बघून भट्टी किती तापली होती ते सांगायची, आणि बहुधा बरोबर सांगायची. सरांनी खोलीची एक किल्ली तिला दिली होती. पुढे वहीही तिच्याकडे दिली. त्या वहीला आम्हा कुणाला हात लावायची मुभा नव्हती. आकडे घेताना सर घोंगडं उचलायचे आणि अर्चना लिहायची. "अंधार?" सर विचारायचे. "लिहिला," ती म्हणायची. मग दिवा लागे.

एका पावसाळ्यात कॉलेजातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र जळालं. नव्याची फाइल दोनदा वर गेली आणि दोनदा परत आली. अर्चनानं घरी सांगितलं. दुसऱ्या दिवशी तात्या स्वतः मोटरसायकलवर पाच-पाच लिटरचे दोन कॅन घेऊन आले.

"आमच्या लॅबमदी रोज डिस्टिल्ड वॉटर निघतंय, सर. साहेबास्नी विचारलंय मी. दोन कॅन दिलं म्हणून कारखाना बुडत न्हाय."

तेव्हापासून तो क्रम झाला. अर्चना रिकामे कॅन संध्याकाळी पणदऱ्याला घरी न्यायची, तात्या ते कारखान्यातून भरून आणायचे, सकाळी ती भरलेले कॅन स्कूटीवर आणायची.

त्याच सुमारास तिनं कथिलाचं प्रमाण बदललं होतं. पहिल्या खेपेच्या पाण्याला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेपासून आकडा वाढू लागला. काही आठवड्यांत तो जुन्या आकड्याच्या दुपटीजवळ गेला. कधी थोडा खाली यायचा, कधी वर जायचा, पण जुन्या जागी परतला नाही. दिवाळीची सुटी संपल्यावरच्या आठवड्यात आला तो सगळ्यांत मोठा. सरांनी काच धुऊन पुन्हा मोजला. तोच.

सर खुश झाले असं म्हणता येत नाही. ते सावध झाले. पाणी फुटलं की हायड्रोजन दोन वाटे आणि ऑक्सिजन एक वाटा निघायला हवा. हायड्रोजन करंटच्या हिशेबानं पुरा येत होता. ऑक्सिजन कमी भरत होता.

"ऑक्सिजन कुठाय?" हा त्या हिवाळ्यातला त्यांचा प्रश्न झाला. चहा पिताना, जिना उतरताना, गाडीला किक मारताना.

"नळीतून गळतोय, सर," अर्चना म्हणायची. "थोडा पाण्यात विरघळतो."

सरांनी नळी तीनदा बदलली. ऑक्सिजन सापडला नाही. अर्चनाच्या प्रबंधाची मुदत जवळ येत होती. मुदत नसती तर सरांनी या आकड्यांवरचा संशोधनाचा पेपर रोखून धरला असता, हे त्यांनी नंतर कबूल केलं. पेपरात ऑक्सिजनबद्दल एक वाक्य घालून त्यांनी सही केली. पेपर छापून आला. कॉलेजनं फलक लावला. मी बातमी केली. "बारामतीच्या उन्हातून हायड्रोजन" हा मथळा माझा नव्हता, पण मजकूर माझाच होता. सरांनी कात्रण वाचलं आणि विचारलं, "ऑक्सिजनचं वाक्य कुठं गेलं?" मी सांगितलं, जागा कमी होती.

चैत्रात लोणी भापकरची जत्रा असते. कमलमावशी आठवडाभर गावी गेल्या. त्या परत आल्या त्या सुमारास आकडा निम्म्यावर आला होता. सरांनी नवी काच केली. निम्माच. सगळ्यांत मोठा आकडा देणारी दिवाळीची काच कपाटातून काढली. तीही निम्म्यावर. अर्चना त्या आठवड्यात प्रबंधाच्या कामासाठी घरी होती. मी बातमीच्या पुढच्या भागासाठी गेलो होतो आणि बाकावर बसलो होतो. पुढचं मी पाहिलेलं आहे.

सरांनी कागदावर यादी केली होती. काच तीच, दिवा तोच, कॉस्टिक तेच. मग त्यांनी मावशींना बोलावलं.

"मावशी, तुम्ही जत्रेला गेलात तेव्हा इथं काय झालं नाही?"

"मीच न्हवते की."

"तुम्ही असता तर काय केलं असतं?"

मावशी विचारात पडल्या. "झाडू तर ती दुसरी मारत हुती. च्या कुनी केला नसंल. आन् कॅन मोकळंच गेलं आसतील."

"कॅन मोकळेच जातात."

"न्हाय ओ, सर. मोकळं भांडं कुनाच्या दारात धाडायचं आसतं व्हय? ती मानसं आपल्याला पानी देत्यात. मी आपली चमचाभर साखर टाकते. माझ्या कपाटातली."

"कॅनमध्ये?"

"मग कशात? दिवाळीला मूठभर टाकली हुती. सण हुता म्हणून."

सरांनी वही उघडली. दिवाळीनंतरचं पान काढलं. बराच वेळ त्या पानाकडे बघितलं आणि मग हसायला लागले. मी त्यांना तसं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. मावशींना वाटलं आपलं काही चुकलं. सर म्हणाले, "तुमचं न्हाय चुकलं, मावशी. मी एका वेळी एकच बदल करत होतो. पाणी हा बदल धरलाच नव्हता."

त्यांनी रसायनशास्त्राच्या विभागातून विकतचं शुद्ध पाणी मागवलं. एकदा नुसतं घेतलं, एकदा चमचाभर साखर घालून. दोन्ही वेळा आधी घोंगडं टाकलं. नुसत्या पाण्यात निम्मा आकडा, साखरेच्या पाण्यात त्याच्या दुप्पट. साखर पाण्यापेक्षा लवकर मोडते. उन्हानं सुटलेली वीज पाणी सोडून साखरेवर खर्च होत होती. तारेवर हायड्रोजन पुरा यायचा, काचेवर ऑक्सिजन यायचा नाही. सहा महिने जो सापडत नव्हता तो मुळात तयारच होत नव्हता.

"पेपर मागं घ्यायला लागंल," सर म्हणाले. मग म्हणाले, "पण आधी अर्चनाला मी सांगितलं पाहिजे. पोरीला दुसऱ्याकडनं कळायला नको."

माझ्या मोटरसायकलवर आम्ही पणदऱ्याला गेलो. तात्या गोठ्यात होते. हात धुऊन आले. अर्चनाच्या आईनं चहा ठेवला. अर्चना आत होती. सरांनी तिला हाक मारायच्या आधी वातावरण हलकं करावं म्हणून मावशींची गोष्ट सांगायला घेतली. साखरेपर्यंत आले तेव्हा अर्चनाची आई हसली.

"आत्ता गं बया! त्याच बाईचं काम व्हय ते? अवो, दिवाळीनंतर कॅन उचलला तर आत खुळखुळ वाजलं. बगितलं तर साखर. मी म्हणलं, रीत चांगली हाय बाईची, पन पान्याच्या कॅनात चालतीय का ही? अर्चीला म्हणलं, धुऊन काडू का? तर म्हणली, आसू दे आई, नको धूस."

तात्या बायकोला म्हणाले, "च्या बघ, उतू जाईल."

अर्चना दारात येऊन उभी राहिली होती. तिनं ऐकलं होतं.

"दिवाळीला?" सरांनी विचारलं.

तिनं मान हलवली.

"तेव्हा पेपर गेला नव्हता," सर म्हणाले.

"आकडा मी बनवला नाही, सर," ती म्हणाली. "मीटरवर आला तो लिहिला. अंधारसुद्धा लिहिला."

"आकडा खराय. पण तो साखरेचा आहे. आपण त्याला पाण्याचं नाव दिलं."

"तुम्ही वीस वर्षं पाण्याचाच आकडा लिहिलात. कुणी विचारलं?"

"अर्चे!" तात्या ओरडले.

सरांनी हात वर करून त्यांना थांबवलं. चहा आला होता. सर कुणाच्या घरचा चहा टाकत नसत. त्यांनी तो पूर्ण प्यायला, कप बशीत ठेवला, तात्यांना "येतो" म्हणाले आणि उठले. परतताना बारामती येईपर्यंत ते एकच वाक्य बोलले. "मी घोंगडं धरायचो अन् लिहायची ती."

यानंतरच्या घटना थोड्यात सांगता येतात. सरांनी त्याच आठवड्यात मासिकाला पेपर मागे घेण्याचं पत्र लिहिलं. मासिकानं दोन्ही लेखकांच्या सह्या मागितल्या. अर्चनानं सही केली नाही. तिनं लिहून दिलं की नंतरच्या मोजणीत पाणी वेगळं होतं, त्यामुळे तुलना योग्य नाही. प्राचार्यांनी सरांना बोलावून सांगितलं की कॉलेजच्या तपासणीसाठी समिती यायची आहे, ती जाईपर्यंत थांबा. समिती आली, फलकासमोर फोटो काढून गेली. मग कॉलेजनं चौकशी नेमली. चौकशीत निष्पन्न झालं की शिपायानं प्रयोगशाळेच्या साहित्यात हस्तक्षेप केला. कमलमावशींची बदली वसतिगृहाच्या जिन्यांवर झाली. त्यांनी कपाटातला साखरेचा डबा सरांच्या टेबलावर आणून ठेवला.

"हा तुमच्याकडंच ठिवा, सर. माझ्या हातानं लई वंगाळ झालं."

सर त्यांच्यासाठी प्राचार्यांकडे दोनदा गेले. उपयोग झाला नाही.

सर माझ्याकडेही आले. ऑफिसात येण्याची त्यांची ती एकच वेळ. चार ओळींची दुरुस्ती त्यांनी स्वतः लिहून आणली होती. बातमीत दिलेला आकडा पाण्याचा नसून पाण्यातल्या साखरेचा आहे, चूक माझी आहे, नामदेव कोळपे. मी ती वर पाठवली. वरून निरोप आला की मूळ बातमी कुणाच्या लक्षात नाही, दुरुस्ती कशाला. मी पुन्हा पाठवली नाही. सरांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच चार ओळी कॉलेजच्या फलकाशेजारी टाचणीनं लावल्या. दुपारपर्यंत त्या काढलेल्या होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी परत लावल्या. असं आठवडाभर चाललं. मग सुट्या लागल्या.

अर्चनाला पीएच.डी. मिळाली. सर त्याच वर्षी निवृत्त झाले. निरोपसमारंभात तिनं भाषण केलं, सरांनी मला अंधार मोजायला शिकवलं, असं म्हणाली, आणि खाली वाकून पाया पडली. सरांनी पाय मागे घेतले नाहीत. डोक्यावर हातही ठेवला नाही. दोन्ही हात मांडीवर तसेच राहिले.

त्यांना शेवटचं पाहिलं ते गेल्या हिवाळ्यात, निरवांगीत. ग्रामपंचायतीच्या कामासाठी त्या भागात गेलो होतो. घराच्या गच्चीवर त्यांनी पेटी मांडली होती. यंत्र जुनं, काच जुनी, समोर खरं ऊन. घोंगडं आता विरलं होतं, म्हणून दुहेरी घडी घालून टाकत. वही त्यांच्याच हातात होती.

"आकडा?" मी विचारलं.

"जुनाच."

"ऑक्सिजन?"

"पुरा येतोय."

खाली आलो तर ओट्यावर स्टीलचा एक डबा होता. अर्चना एका कॉलेजात कायम झाली होती. तात्या आदल्या आठवड्यात स्वतः पेढे घेऊन येऊन गेले होते. दारातच उभे राहिले, बसले नाहीत, असं सरांच्या पत्नीनं सांगितलं. पेढे भावाच्या नातवंडांनी खाल्ले होते.

"तू पणदऱ्याच्या बाजूला जाणार आहेस का?" सरांनी विचारलं.

"परवा जाणार आहे."

"मग हा देऊन टाक त्यांच्याकडं."

पत्नी आतून साखरेची वाटी घेऊन आल्या. सर म्हणाले, "नको."

"अवो, मोकळा धाडायचा?"

"मोकळाच."

"त्या तात्याचं काय चुकलं त्यात?"

सर डबा घेऊन नळावर गेले. राखेनं घासला, तीनदा विसळला. पंच्यानं पुसला, तरी उन्हाकडे तोंड करून धरला आणि आत बघितलं, नवी काच तपासायचे तसं. कडेला कुठेतरी थेंब राहिला असावा. पंच्याच्या टोकानं तो टिपला, पुन्हा बघितलं, झाकण लावलं आणि माझ्या हातात दिला. पत्नी वाटी हातात धरून उभ्या होत्या. सर जिन्यानं वर गेले. ऊन अजून तासभर होतं.

पणदऱ्यात तात्या घरी नव्हते, अर्चना तिच्या कॉलेजच्या गावी होती. आई होती. कुणाकडून आला म्हणून सांगितल्यावर तिनं हात पदराला पुसून डबा घेतला. हातात घेतल्यावर थोडी थांबली. झाकण उघडलं. आत बघितलं, मग बोटं घालून तळ चाचपला.

"सर बरं हायत ना?" तिनं विचारलं.

"बरे आहेत."

तिनं झाकण परत लावलं नाही. उघडाच डबा घेऊन आत गेली.